थोरलीचे पाणी

१

प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर येत नव्हते. काचघराच्या छताला लटकलेला एक थेंब सुटला, खालच्या दगडी कट्ट्यावर फुटला, आणि आम्ही चौघांनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू आता तोच बोलणार होता.

"किल्ली कुणाकडे होती?" अधीक्षकांनी पुन्हा विचारले. विचारले सगळ्यांना, डोळे मात्र एकाच चेहऱ्यावर रोवले होते.

तो चेहरा बागेतल्या संशोधिकेचा होता. तिशीची, किडकिडीत मुलगी. नखांत मुरलेली माती आता कुठल्याच साबणाला दाद देत नसावी. तिच्या शेजारी तिचे वडील, या बागेचे माळी, हातातल्या झारीच्या तोटीकडे पाहत उभे होते. तोटीच्या बारीक छिद्रांत फार मोलाचे काही अडकले असावे, इतक्या एकाग्रतेने.

मधल्या कट्ट्यावर चाळीस लहान काळ्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत नेच्याचे एक रोप होते आणि प्रत्येक रोप मेलेले होते. पाने काठांवरून लोंबत होती, शिजून गेलेल्या भाजीसारखी मऊ, काळपट, आरपार दिसणारी. कोणीतरी त्यांच्यावर उकळते पाणी ओतले होते. ज्या किटलीतून ओतले ती जमिनीवर, झाकण उघडे, तशीच होती. आणि कट्ट्याच्या टोकाला, तीस वर्षे जिथे मातीची एक मोठी कुंडी उभी असे, तिथे ती अजूनही होती, पण पालथी. तिच्यातले झाड नव्हते.

त्या झाडाला बागेत सगळे 'थोरली' म्हणत. दूरच्या एका बेटावर, धुक्यात बुडालेल्या एकुलत्या कड्यावर वाढणारे ते नेचे. तीस वर्षांपूर्वी त्याचा मूठभर तुकडा इथे आला. पुढे बेटावरची उरलीसुरली झाडे मोकाट बकऱ्यांनी संपवली आणि थोरली तेवढी राहिली. तिच्या पानांवरचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना निव्वळ धूळ वाटेल अशी ती बी, पेरून संशोधिकेने चार वर्षांत ही चाळीस रोपे उभी केली होती. आज दुपारी चारला बेटावरचे पाहुणे ती घेऊन जाणार होते. मी वनस्पती तपासणी खात्याची अधिकारी. रोपे पाहून त्यांच्या पेटीवर मोहोर उठवायला आले होते.

"किल्ल्या दोनच आहेत, साहेब," मुलगी म्हणाली. "एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. माझी घरी दारामागच्या खिळ्याला होती. सकाळीही तिथेच होती."

"आणि ही किटली?"

"पेरणीच्या खोलीतली. माझीच."

"मग अजून सांगायचं काय राहिलं?"

ती वडिलांकडे वळली. "बाबा, सांगा ना यांना. काल संध्याकाळपासून मी घराबाहेर पाऊल तरी टाकलं का?"

माळ्यांनी झारी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढेच. ती शांतता मला आवडली नाही. काही शांतता रिकाम्या असतात. काहींच्या आत कोणीतरी कडी लावून बसलेले असते.

"मॅडम," अधीक्षक मला म्हणाले, "चारच्या आत मला नाव हवंय. पाहुण्यांना काहीतरी सांगावं लागेल. पुढच्या आठवड्यात हिच्या कायम नेमणुकीच्या कागदावर माझी सही व्हायची होती. दुसरं नाव मिळालं नाही, तर मी हिचंच लिहून देईन. आणि ते एकदा लिहिलं, की हिला कुठल्याच बागेचं फाटक उघडणार नाही."

घड्याळात साडेदहा झाले होते.

२

सगळ्यांना बाहेर काढून मी काचघरात एकटी थांबले. मृत्यू झाडांना आला की आवाज होत नाही, म्हणून आपण त्याला कमी समजतो. त्या चाळीस कुंड्यांसमोर मला तसे समजता येईना.

कोपऱ्यात एक मोरी होती, तिच्यावर नळ. या गावचे पाणी जड. नळाच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा खडा बसला होता, फरशीवर त्याचे ओघळ वाळून कवडीसारखे चकाकत होते. कट्ट्यापासून मोरी चार पावलांवर. मी किटलीत डोकावले. आतला पत्रा आरशासारखा स्वच्छ होता. मग काळ्या कुंड्यांचे काठ पाहिले. उकळते पाणी सांडून, उडून, केव्हाच वाळले होते. काठ काळेच होते, काळेभोर. वहीत मी एवढेच लिहिले: *काठ काळे*.

पालथ्या कुंडीच्या गळ्यात तारेने बांधलेला पितळी बिल्ला तसाच होता, झाडाचे नाव आणि बेटाचे नाव कोरलेला. ज्याला थोरली मिरवायची किंवा विकायची असेल, त्याने बिल्ला आधी काढला असता. बिल्ल्यावाचून ती पानांची एक जुडी. कट्ट्याच्या कडेला मात्र मातीचा कणही नव्हता. कोणीतरी चोरी करून झाडू मारून गेले होते.

अधीक्षकांच्या खोलीत तीन पंखे होते आणि तिन्ही त्यांच्याच दिशेने फिरत होते.

"हुशार आहे, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तुसडी. रोपं इथून जाऊच नयेत असं तिला वाटत असणार. चार वर्षं पोटच्या पोरांसारखी सांभाळली. माणूस वेडंवाकडं करतो, मॅडम, अशा वेळी."

"पोटची पोरं कोणी उकळत्या पाण्यात घालतं का?"

"तेच तर वेडंवाकडं!"

"थोरलीला शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल पाचला. मी स्वतः कुलूप लावलं."

"एकटेच होतात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि काच आधीपेक्षा मळकट झाली. "एकटाच," ते म्हणाले.

खिडकीबाहेर, फाटकापाशी, एक लठ्ठ गृहस्थ उभा होता. आभाळात ढगाचा लवलेशही नसताना त्याच्या काखेत भलीमोठी काळी छत्री होती. आमच्या खिडकीकडे पाहून त्याने मान हलवली आणि अधीक्षकांनी ती पाहिली नाही असे फारच ठरवून दाखवले.

३

त्याला गावात छत्रीवालाच म्हणत. त्याची रोपवाटिका होती. टांगत्या कुंड्यांतली नेची हा त्याचा हातखंडा.

"लोकांना बाल्कनीत जंगल हवं असतं, मॅडम, आणि पाणी घालायला वेळ नको असतो," तो म्हणाला. "मी काय करणार? दणकट नेची देतो. मेली तरी महिनाभर हिरवी दिसतात."

"थोरली दिली असती बाल्कनीत?"

"छे! ती राणी आहे. तिला पानखत हवं, कोळशाचे तुकडे हवेत, खाली ओल्या खड्यांचं तबक हवं, सकाळचं कोवळं ऊन तेवढं चालतं. आणि पाणी पावसाचं. नळाचं पाजलंत की दोन महिन्यांत पानांच्या कडा करपल्याच." तो थांबला. स्वतःचेच ज्ञान अंगाशी आल्याचे त्याच्या ध्यानात आले असावे. "म्हणजे, ऐकून आहे मी."

"छत्री उघडा."

"अहो, ऊन कुठंय एवढं?"

"म्हणूनच म्हणते. उघडा."

छत्री उघडली आणि तिच्या पोटातून ओल्या कागदाची एक घडी खाली पडली. घडीत एकच पान होते, हातभर लांब, कातरलेल्या कडांचे, अजून ताजे.

"एवढंच घेतलं, मॅडम! शपथेवर सांगतो. साहेबांनी काल पाचला किल्ली दिली, म्हणाले दहा मिनिटं बघून घ्या. म्हटलं, एका पानावर लाखो बीजाणू. राणीला काय फरक पडतो? आलो तेव्हा ती होती, निघालो तेव्हा होती. पोरंही होती, टवटवीत. चोर म्हणा, पण खुनी नका म्हणू."

"आणि आज इथे कशाला?"

"बीजाणू कसे पेरायचे ते विचारायला," तो खाली मान घालून म्हणाला. "माळीकाकांना. दुसरं कोणाला जमतंय?"

खोटे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतका ओशाळा लोभ नसतो. मी पान उलटे केले. नेच्याचा स्वभाव त्याच्या पाठीवर लिहिलेला असतो. वरून सगळी हिरवी, भोळी. थोरलीच्या पानाच्या पाठीवर, अगदी काठाला, बीजाणूंची एक अखंड तपकिरी रेघ होती, साडीला काठ शिवावा तशी.

ते पान घेऊन मी काचघरात परतले. चाळिसांतल्या पहिल्या रोपाचे मऊ, शिजलेले पान अलगद उलटे केले. मग दुसऱ्याचे. मग सातव्याचे, विसाव्याचे.

रेघ नव्हती. ठिपके होते. दोन ओळींत, बटणांसारखे, गोल गोल ठिपके.

आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी दोन-तीन देठांची खुंटे होती, नखाने खुडलेली. त्यांच्या जखमा वाळून तपकिरी झालेल्या, कालच्या नव्हेत, कित्येक दिवसांच्या.

४

"कोवळेपणी नेची सारखीच दिसतात का?" मी संशोधिकेला विचारले. पेरणीच्या खोलीत ती स्टुलावर बसली होती, कोणी उठवेल याची वाट पाहिल्यासारखी.

"बरीचशी. बीजाणू धरेपर्यंत आईलासुद्धा ओळखू यायची नाहीत." ती किंचित हसली. "आधी तर नुसता हिरवा पापुद्रा येतो, नखाएवढा. त्यातून रोप. पेरलेल्या शंभरातली सगळ्यांत तरारलेली चाळीस मी निवडली."

"उरलेली?"

"मरतुकडी होती. फेकली."

भिंतीला चार वर्षांच्या नोंदवह्या होत्या. मी पेरणीच्या पहिल्या महिन्यांची वही मागितली. तिचे अक्षर मुंगीएवढे आणि मुंगीएवढेच शिस्तीचे. रोज एक ओळ: *पाणी उकळून, गार करून, फवारले.* कधी सकाळी, कधी दुपारी. पण *उकळून* हा शब्द एकदाही सुटलेला नव्हता.

"थोरलीला तर टाकीतलं पावसाचं पाणी तसंच घालता ना?"

"ती मोठी आहे. पेरणीचं वेगळं. मातीसुद्धा उकळत्या पाण्यानं भाजून घ्यावी लागते. म्हणून तर किटली. हवेत, पाण्यात, सगळीकडे कुणाकुणाचे बीजाणू असतात. एक शिरला तरी घरच्यांना उठवून पाहुणा पंगतीला बसतो."

मी पान उलटले. तिसऱ्या महिन्यात अक्षर बदलले होते. मोठे, गोल, सावकाश काढलेले. नऊ दिवस, नऊ ओळी, प्रत्येक ओळीत दोनच शब्द: *पाणी दिले.*

"हे कोणी लिहिलंय?"

"बाबांनी. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा. दवाखान्यातून रोज विचारायचे मी, पाणी दिलंत ना? 'दिलं गं, तू झोप.'" तिचा आवाज मऊ झाला. "माझ्यापेक्षा तेच जास्त जपतात. आतासुद्धा, रोपं हवेला सरावायला सावलीघरात हलवली तर सहा आठवडे मला हात लावू दिला नाही. म्हणाले, तू तुझा अहवाल लिही, पोरांचं मी बघतो. काल दुपारी स्वतः वाहून आणली परत."

"काल तू पाहिलीस?"

"लांबून. छान दिसत होती." मग तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "मॅडम, तुम्ही पाण्याचं का विचारताय?"

मी वही मिटली. त्या मुलीला उत्तर देण्याआधी मला आणखी एका माणसाला भेटायचे होते, आणि ती भेट टळली तर बरे, असेही वाटत होते.

५

माळी टाकीपाशी होते. काचघराच्या छतावरून उतरणारी पन्हळ त्या टाकीत रिकामी होई. पन्हळीच्या सांध्यासांध्यांतून गावठी नेची उगवली होती, भिंतीवर कुठेही फुकट येतात ती, कोणी न मागितलेली, लुसलुशीत.

"तीस वर्षं हेच पाणी?" मी विचारले.

"हेच. बाई, नेच्याला लाड नको असतात, शिस्त हवी असते. मधल्या गाभ्यावर पाणी ओतायचं नाही, कडेनं फिरवायचं. कुंडी मातीची, म्हणजे तिलाही श्वास घेता येतो. आठवड्याला पाव वळण द्यायचं, नाहीतर उजेडाकडे मान वाकडी करून बसते." थोरलीबद्दल बोलताना त्यांचे हात हवेत कुंडी फिरवत होते. "थंडीत पाणी कमी. आणि नळाचं तर बोटभरसुद्धा नाही. माझा हातच जात नाही नळाकडे."

"मोठी कुंडी पालथी का घातली असेल हो त्यानं?"

"रिकामी कुंडी पालथीच घालायची असते. पाणी साचतं, डास होतात..."

वाक्य अर्ध्यावर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी पन्हळीकडे पाहिले. वाऱ्याने गावठी नेच्याचे एक पान उलटे झाले. पाठीवर गोल गोल ठिपके होते.

"तुमच्या लेकीचं नाव लिहिणार आहेत साहेब," मी म्हणाले. "चार वाजता."

"तिनं काही केलेलं नाही."

"हे सकाळी म्हणाला असतात तर?"

  ते झारी भरू लागले. झारी आधीच भरलेली होती. पाणी काठावरून वाहत त्यांच्या पायांवर पडत राहिले.

मी पेरणीच्या खोलीच्या ओसरीवर आले. तिथे ती पेटी होती, बेटावरच्या पाहुण्यांनी आधीच पाठवलेली: लाकडी चौकट, चारी बाजूंना काचा, आतून ऊन अडवायला ओढलेले कापडी पडदे, वर स्क्रूने आवळलेले झाकण. रोपे मेल्यामुळे ती आता रिकामीच परत जाणार होती. पाहुण्यांची वस्तू पाहुण्यांना. सकाळपासून तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, मीसुद्धा.

मी काचेवर तळवा टेकला. काच बाहेरून कोरडी होती. आतून मात्र थेंबच थेंब, दाटीने, एकात एक मिसळून ओघळणारे.

रिकाम्या पेटीला घाम येत नाही.

६

तीन वाजता मी तिघांना ओसरीवर बोलावले. अधीक्षक खुर्ची घेऊन आले, मुलगी खांबाला टेकून उभी राहिली, माळी पायरीवर बसले. झारी त्यांच्या पायाशी होती.

"आधी पाणी," मी म्हणाले. "रोपं उकळत्या पाण्यानं मेली. नळ चार पावलांवर होता. नळाचं पाणी वापरलं असतं तर ते वाळल्यावर काळ्या कुंड्यांवर पांढरे डाग उठले असते. एकही नाही. म्हणजे ज्यानं मारली तो किटली घेऊन बाहेर टाकीपर्यंत गेला. मारतानासुद्धा या नेच्याच्या जातीला नळाचं पाणी घालायला त्याचा हात गेला नाही. साहेब, तुम्ही आणि तुमचे छत्रीवाले एवढं चालला नसतात."

"कोण छत्रीवाले?" अधीक्षक म्हणाले.

"ज्यांना काल पाचला तुम्ही किल्ली दिलीत ते."

खुर्ची करकरली आणि गप्प झाली.

"राहिले दोघं. पण ज्याला हा पराक्रम नुसता नासधुशीसाठी करायचा होता, त्यानं थोरलीला इतक्या अलगद का काढावं? माती झाडून, कुंडी पालथी घालून, बिल्ला मागे ठेवून? त्याला थोरली विकायची नव्हती. ती कुठेतरी जगायला हवी होती. आता हे बघा." मी छत्रीवाल्याचे पान आणि चाळिसांतले एक पान शेजारी शेजारी, पाठ वर करून, पेटीवर ठेवले.

मुलगी पुढे आली. वाकली. आम्हा सगळ्यांपेक्षा आधी तिला कळणार होते आणि तसेच झाले. तिचे बोट रेघेवरून फिरले, ठिपक्यांवर आले, आणि तिथेच थांबले.

"ही माझी नाहीत," ती म्हणाली. मग फार हळू, "पन्हळीवरची आहेत."

"चाळीसही. बीजाणू धरलेली पहिली पानं सावलीघरात आली, गेल्या सहा आठवड्यांत. कोणीतरी ती दिसली की खुडत होतं. खुंटं वाळलेली आहेत. पण पानं येतच राहिली. सावलीघरात एकच माणूस जात होता."

कोणी माळ्यांकडे पाहिले नाही. ते स्वतःच बोलले, पायऱ्यांना सांगितल्यासारखे.

"बेटावर गेलं असतं हे, तर कडाच्या कडा गिळला असता त्यानं. एकदा घुसलं की निघत नाही. दुसऱ्या कुणाचं बी असेल तिथं दगडाखाली झोपलेलं, तेही दडपलं असतं. पाठवायची कशी? आणि पाठवायची नाहीत तर का नाहीत, ते सांगायचं कसं?" ते थांबले. "चोरी झाली म्हटलं की पोरीचं नुकसान झालं असं म्हणतील लोक. पोर चुकली असं नाही म्हणणार. पहाटे किल्ली घेतली, परत खिळ्याला लावली. नळाचं मनातसुद्धा आलं नाही. थोरली या पेटीत आहे. पेटी रिकामी म्हणून परत गेली असती. बेटावर उघडली असती. जिथली तिथं गेली असती ती."

"म्हणजे," अधीक्षक सावकाश म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागले, "चार वर्षं आपण भिंतीवरचं तण वाढवत होतो? काचघरात? मोहोर लावून पाठवणार होतो? अहो, हे कळलं तर लोक पोट धरधरून हसतील!"

याच हसण्याला माळी सहा आठवडे घाबरत आले असावेत. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटले.

"हसू दे," मुलगी म्हणाली. "पाहुण्यांना मी सांगते. चाळीस रोपं चुकीची निघाली, पेरणी माझी होती. थोरली जाऊ दे, पण सगळी नाही, तिचा मोठा तुकडा. गाभ्याचे दोन भाग होतात. एक इथे राहील. मी पुन्हा पेरीन." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, कोरडी चमक होती. "मॅडम, झाकण काढून द्याल?"

"थोरली कुठेही जाणार नाही!" अधीक्षक उठले. "बागेची शान आहे ती. माझ्या सहीशिवाय..."

"साहेब," मी म्हणाले, "आज मला दोन कागद लिहिता येतील. एक पेटीच्या मोहोरेचा. दुसरा, संरक्षित झाडाच्या काचघराची किल्ली कोणाच्या छत्रीत गेली होती, त्याचा. दोन्ही लिहू, की पहिलाच पुरे?"

ते खाली बसले. मग खुर्ची उचलून आतच गेले.

मुलीने स्क्रू सोडले. झाकण उघडताच ओल्या पानखताचा, कोळशाचा, जुन्या सावलीचा वास आला. थोरली आत होती, ओल्या शेवाळात गुंडाळलेली, पाने कापडी पट्ट्यांनी इतक्या हळुवार बांधलेली की एकही दुमडले नव्हते. मधल्या गाभ्यातून एक नवी, बाळमुठीसारखी गुंडाळी वर येत होती. मुलगी बराच वेळ त्या बांधणीकडे पाहत राहिली. ते हात तिने लहानपणापासून पाहिलेले होते.

"नऊ दिवस," ती म्हणाली. वळली नाही. "टाकीतलं पाणी तसंच घातलंत ना, बाबा? तीस वर्षांची सवय. थोरलीला अमृत, म्हणून पोरांनाही तेच."

माळ्यांनी मान हलवली.

"मला ते कळतंय. माझ्याकडून विचारायचं राहिलं, तुमच्याकडून सांगायचं. त्याचं काही नाही." आता ती वळली. "पाठीवरचे ठिपके दिसले तेव्हा मला हाक का नाही मारलीत, तेही कदाचित कळेल मला, उद्या-परवा. पण सकाळी साहेब माझ्याकडे बोट दाखवत होते. नाव लिहून देतो म्हणत होते. मी तुमच्याकडे बघितलं, बाबा. तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही गप्प का राहिलात?"

ओसरीवर पुन्हा तीच शांतता आली, सकाळची. आत बसलेला माणूस मात्र आता आम्हा दोघींना दिसत होता.

माळी पायरीवरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. पेटीजवळ आले, थोरलीच्या एका पानाची सैल झालेली पट्टी अंगठ्याने नीट केली. लेकीकडे पाहिले, पाहिले असे मला वाटले. मग झारी उचलून ते पायऱ्या उतरले आणि टाकीवरून, पन्हळीखालून, फाटकाकडे जाणाऱ्या वाटेने चालू लागले. झारीतले पाणी पावलागणिक हिंदकळून खडीवर सांडत होते.

"बाबा," ती म्हणाली.

ते चालत राहिले.